अडसराची दोन टोकं

थोरलीला सकाळपासून कोणाशी तरी कडाकडा भांडायचं होतं, आणि नेमकी त्याच दिवशी नगरपालिकेत बजेटची सभा होती. म्हणजे दुधात साखरच म्हणायची.

तिला थोरली म्हणायचे ते सासरच्या नात्याने. घरात दोन भाऊ. ही थोरल्याची बायको म्हणून थोरली, आणि वरच्या मजल्यावर राहायची ती धाकटी. दोघी जावांचं पटत नव्हतं हे रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबालाही ठाऊक होतं. घराला जिना एकच. एकदा त्या जिन्यात दोघी समोरासमोर आल्या आणि मागे कोणी फिरायचं यावरून अडून बसल्या. एकीच्या हातात ओल्या कपड्यांची बादली, दुसरीच्या हातात कचऱ्याचा डबा. शेवटी दोघींचे नवरे कामावरून आले आणि त्यांनी आपापली बायको दंडाला धरून नेली, तेव्हा जिना मोकळा झाला. दोघे भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. अडकलेली लिफ्ट सोडवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण घरचं प्रकरण त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

आता अशा दोन बायका एकाच नगरपालिकेत, त्याही समोरासमोरच्या पक्षांतून निवडून येतात, हे काय आपोआप घडलं? छे! पहिल्या निवडणुकीत दोघींनी एकाच वॉर्डातून अर्ज भरले होते. घरात जे रणकंदन माजलं ते विचारू नका. नवऱ्यांनी हातापाया पडून तोड काढली: दोघींनीही अर्ज मागे घ्यायचे, चारचौघांत शोभा नको. माघारीच्या दिवशी दोघी खिडकीपाशी गेल्या. थोरली म्हणाली, "आधी तू." धाकटी म्हणाली, "छे छे, मानाने आधी तुम्ही." मानाने! थोरली त्या एका शब्दाला भुलली आणि सही करून बसली. तेवढ्यात आतल्या कारकुनाने खिडकीची फळी पाडली. वेळ संपली. धाकटीचा अर्ज राहिला तो राहिला, आणि बाई निवडूनही आल्या. धाकटी आजही गळा काढून सांगते की फळी माझ्या बोटावर पडली, नख काळंनिळं झालं होतं. थोरली म्हणते, नख तिने आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीच्या दारात चेमटवलं, आणि बिल मात्र फळीच्या नावावर फाडलं. पुढे शेजारच्या वॉर्डात जागा रिकामी झाली तेव्हा थोरली हट्टाने दुसऱ्या पक्षातून उभी राहिली आणि जिंकली. त्या दिवसापासून तिने एक गाठ मनाशी मारून ठेवली होती: या बाईच्या आधी आपण कधीही, कशातही, हात पुढे करायचा नाही.

एवढ्या आगीत त्या घरात एकच गोष्ट सुरळीत चालायची. सासूबाई रोज सकाळी दिवसघरात जायच्या.

सासूबाईंना आठवत नसे. आधी नावं गेली, मग माणसं गेली, मग घर गेलं. स्वतःच्या घरात बसून त्या "आता मला घरी सोडा" म्हणायच्या. दिवसघर सुरू व्हायच्या आधीचे दिवस थोरलीला नको वाटायचे. तिचं रफूचं दुकान बाजारापलीकडे. एकदा तातडीचं काम आलं म्हणून ती सासूबाईंच्या खोलीला बाहेरून कडी घालून गेली. परत येते तो आतून दाराचा रंग नखांनी खरवडलेला, आणि म्हातारी कोपऱ्यात बोटं तोंडात घालून बसलेली. थोरलीने त्या दाराला नंतर कधी रंग दिला नाही. सासूबाई तिच्या मजल्यावर राहायच्या, त्यामुळे ते दार रोज तिलाच दिसायचं.

आणि मग नगरपालिकेने दिवसघर काढलं. सकाळी गाडी यायची, अशा सगळ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना गोळा करायची, संध्याकाळी परत सोडायची. तिथे त्यांना बटणं निवडायला द्यायचे, घड्या घालायला टॉवेल द्यायचे, कोणी गाणं म्हटलं तर म्हणू द्यायचे. सासूबाई तिथे हसायच्या. घरी कधी हसत नसत, पण तिथे हसायच्या. गाडीवाला म्हणजे एक नंबरचा दांडगा माणूस, आवाज तर लाउडस्पीकरच. एकदा दोन आजोबा खिडकीच्या जागेवरून हातघाईवर आले तेव्हा त्याने ठणकावून सांगितलं होतं, "भांडणाऱ्याला माझ्या गाडीत जागा नाही!" तेवढं एक वाक्य सासूबाईंच्या डोक्यात कसं कोण जाणे पक्कं बसलं. बाकी सगळं पुसलं गेलं, ते राहिलं.

त्या वर्षी नगरपालिकेची तिजोरी रिकामी होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाणीपट्टी वाढणार, गाडी उभी करायला फी लागणार, पोहण्याचा तलाव आठवड्यातून निम्मे दिवस बंद, आणि दिवसघर तर कायमचंच बंद, अशी बातमी फुटली. सभेच्या आदल्या दिवशी बेकरीवाला थोरलीच्या दुकानात आला. त्याचे वडील सासूबाईंच्याच गाडीतून जायचे.

"वहिनी, त्यांना मी कुठे ठेवू? भट्टीपाशी बसवले तर भट्टीत हात घालतात. परवा घातला. अडसर आमच्यासाठी ठेवा."

"अरे, माझी सासू आहे तिथे. मी दुसऱ्या कशावर टाकेन का? शब्द दिला, जा."

हा अडसर काय ते सांगायला हवं. त्या नगरपालिकेची जुनी रीत होती. पूर्वी म्हणे सभासद बजेटच्या प्रत्येक कलमावर हरकत घ्यायचे आणि सभा संपतच नसे. तेव्हा कोणा शहाण्याने ठरवून टाकलं: बजेटच्या सभेत प्रत्येक सभासदाला एकच हरकत. तिच्यासाठी एक लाकडी दांडका, हातभर लांब, दाराच्या अडसरासारखा. ज्या कलमाला विरोध, त्याच्या कागदावर तो आडवा टाकायचा, की ते कलम वर्षभर अडलं. जे जसं चालू असेल ते तसंच चालू राहायचं. टाकलेला अडसर त्याच सभेत परत उचलता यायचा, पण एकट्याने नाही. टाकणारा आणि ज्याचं कलम अडलं तो, दोघांनी दोन टोकं धरून, एकत्र उचलायचा. म्हणजे लोक बोलतील, तडजोड करतील, असा त्या शहाण्याचा हिशेब. त्याने या दोघी जावा पाहिल्या नव्हत्या.

सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या बाकांवर लोक मांडीला मांडी लावून बसलेले, माइक मधेच केकाटत होता, आणि मधोमध ते लांबलचक टेबल. टेबलामागे नगराध्यक्ष, पेशाने दातांचे डॉक्टर, स्वभावाने गरीब. त्यांच्या शेजारी अर्थ समितीचा अध्यक्ष. याला सगळे कात्री म्हणायचे. तोंडात कायम पेपरमिंटची गोळी, आवाज लोण्यासारखा, आणि कोणाचं काही कापायचं असलं की हा गडी हमखास "दुर्दैवाने" या शब्दाने सुरुवात करायचा.

"दुर्दैवाने," कात्रीने सुरुवात केली, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "तुझ्या नाही, आमच्या!"

कलमं वाचली जाऊ लागली. पाणीपट्टीवर एकाने अडसर टाकला. तलावावर दुसऱ्याने. वाचनालयाच्या फीवर दोघांनी चढाओढीने टाकले, म्हणजे एक फुकटच गेला. सत्ताधाऱ्यांना तर अडसर टाकायची परवानगीच नव्हती. कात्रीने त्यांना दम भरला होता. दोघी जावांचे पक्ष मात्र सत्तेबाहेरचे. होता होता शिल्लक राहिले तीन. एक थोरलीचा, एक धाकटीचा, आणि एक एका टकल्या सभासदाचा. पण टकल्याकडे तीन कुत्रे होते आणि कुत्र्यांवरचा कर शेवटच्या पानावर होता. तो अडसर मांडीवर घेऊन अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा बसला होता.

"बाजारावरचं पत्र्याचं छप्पर," कात्रीने वाचलं. "नवीन काम. मंजुरीसाठी."

थोरलीने मान वर केली. हे छप्पर तिचं. चार वर्षं ती त्याच्यामागे होती. पण सगळीकडे कात्री चालत असताना हे कसं वाचलं, हा प्रश्न तिच्या मनात आला, आणि आनंदाच्या भरात तसाच निघून गेला.

"हरकत?" नगराध्यक्षांनी विचारलं.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. धाकटी उठली. काखेत अडसर, चेहऱ्यावर साळसूदपणा.

"तिजोरीत खडखडाट आहे," ती माइकमध्ये म्हणाली, "आणि सन्माननीय सभासदांना आपल्या दुकानासमोर सावली हवीय."

"माझं दुकान बाजाराच्या पलीकडे आहे!" थोरली कडाडली.

"पलीकडे म्हणजे समोरच की, जाऊबाई."

लोक फिदीफिदी हसले. धाकटीने अडसर कागदावर ठेवला. नुसता ठेवला असता तरी एक वेळ ठीक. तिने तो ठेवून वर नीट सरळ केला, पंगतीतलं पान सरळ करावं तसा. शिपायाने तो कागद अडसरासकट उचलून टेबलाच्या डाव्या टोकाला नेला. अडलेली कलमं ज्या पक्षाची, त्या पक्षाच्या बाजूला ठेवायची पद्धत होती.

थोरलीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. 'हिचा अडसर गेला,' तिच्या ध्यानात आलं. 'म्हणजे दिवसघरासाठी आता माझाच उरला. आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं! सासू खालच्या मजल्यावर, तेव्हा खालची बाई झक मारत दिवसघर वाचवेल, आणि आपण वरून मजा करायची. मोठी आली शहाणी!'

"नदीकाठच्या रस्त्याला दिवे," कात्रीने पुढचं कलम वाचलं. तोंडातली गोळी त्याने एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "नवीन काम. मंजुरीसाठी."

हे दिवे धाकटीचे. तिने निवडणुकीत घरोघरी सांगितलेले.

"हरकत?"

थोरली उठली. मागच्या बाकावर बेकरीवाला अर्धवट उभा राहिला आणि नाही, नाही, अशी मान हलवू लागला. थोरलीला तो दिसला. हे लक्षात ठेवा, तिला तो चांगला दिसला. तिला खरवडलेलं दारही दिसलं. पण त्या दोघांच्याही पुढे तिला धाकटीचं ते अडसर सरळ करणारं बोट दिसत होतं. दुसऱ्याला अपशकुन करायला माणूस आपलं नाक कापतं म्हणतात, पण कापताना त्याला ते कापल्यासारखं वाटत नाही, हीच तर गंमत आहे. त्याला वाटतं, फिटली एकदाची!

'दिवसघराचं पुढे बघू,' असं मनाशी म्हणत तिने अडसर दिव्यांच्या कागदावर आदळला. पाण्याचा पेला उडाला.

"अहो, हे काय केलंत?" धाकटी किंचाळली. माइक बंद होता, तरी सगळ्यांनी ऐकलं. "तुमचा दिवसघरासाठी होता ना!"

"आणि तुझा? तुझी सासू नाही ती? तुझ्या नवऱ्याला काय मी जन्म दिला?"

"तुमच्या मजल्यावर राहतात म्हणून मी..."

"मजल्यावर! सासू काय मजल्यावर भाड्याने ठेवतात?"

नगराध्यक्ष हातोडी आपटत राहिले. शिपायाने दिव्यांचा कागद टेबलाच्या उजव्या टोकाला नेऊन ठेवला. सभागृह हळूहळू शांत झालं. कात्रीने पेला सरळ केला, रुमालाने टेबल पुसलं आणि पान उलटलं.

"दुर्दैवाने," तो म्हणाला, "ज्येष्ठांचं दिवसघर. कायमचं बंद. गाडी विकून टाकायची. जागा भाड्याने."

लगेच! छपरामागून दिवे, आणि दिव्यांमागून हेच. थोरलीने टकल्याकडे पाहिलं. टकल्याने अडसर दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि छताकडे पाहू लागला.

"टाका हो!" बेकरीवाला मागून ओरडला. "कोणीतरी टाका!"

"माझे तीन कुत्रे आहेत," टकला म्हणाला. खरं सांगायचं तर त्याचा आवाज अगदीच पडला होता, पण अडसर काही त्याने सोडला नाही.

नगराध्यक्षांनी चष्मा काढला. "नियमाप्रमाणे तीन ठोके. तिसऱ्याला कलम मंजूर." मग माइक बाजूला सारून ते दोघींकडे वाकले. दात काढायच्या आधी घाबरलेल्या पोराशी बोलावं तसे बोलले. "अहो बायांनो, अजून वेळ आहे. मिळून एक अडसर उचला, तो इथे टाका. दोन्ही उचललेत तर छप्परही होईल, दिवेही होतील, आणि दिवसघरही राहील. सगळंच सुटेल. चला बघू."

इतकं सोपं होतं. अगदी पोरासोरांना कळावं इतकं सोपं.

थोरली तडक डाव्या टोकाला गेली, आपल्या छपराच्या कागदापाशी, आणि तिथल्या अडसराचं एक टोक तिने धरलं. धाकटी तडक उजव्या टोकाला गेली, आपल्या दिव्यांपाशी, आणि तिथल्या अडसराचं टोक धरलं. मधे ते लांबलचक टेबल.

"ये इकडे," थोरली म्हणाली. "आधी हा उचलू."

"तुम्ही इकडे या. आधी हा."

नगराध्यक्षांनी पहिला ठोका दिला.

"अगं, तुझाच आधी पडला होता, तोच आधी उचलायचा!"

"आणि माझा उचलून झाल्यावर तुम्ही हात झटकून जाल. छप्पर तुमचं झालं, मग माझ्या दिव्यांशी तुम्हाला काय देणंघेणं?"

"मी? मी हात झटकणारी? खिडकीपाशी कोणी झटकले होते गं? मानाने आधी तुम्ही म्हणत कोणी सही करायला लावली?"

"फळी पडली होती! किती वेळा सांगू, फळी पडली होती माझ्या बोटावर!"

"चुलीत गेली तुझी फळी! ये इकडे!"

"तुम्ही या!"

दुसरा ठोका पडला. बेकरीवाला आता कठड्याला ओणवून रडवेल्या आवाजात विनवत होता, "वहिनी, जा ना तुम्ही. तुम्ही मोठ्या ना. जा ना हो." थोरलीचा पाय खरोखर उचलला गेला. एक पाऊल तिने टाकलं. टेबलाच्या त्या टोकाला धाकटीनेही एक पाऊल टाकलं होतं. दोघींनी एकमेकींचे पाय पाहिले आणि दोघी जागच्या जागी थांबल्या. 'मी अर्ध्यावर जाईन आणि ही तिथूनच हसेल,' थोरलीच्या मनात आलं. 'सगळ्या गावासमोर हसेल.' तिने पाऊल मागे घेतलं, अडसराचं टोक घट्ट धरलं आणि म्हणाली, "आधी तू."

"आधी तुम्ही."

नगराध्यक्षांनी जमेल तितका उशीर केला. हातोडी वर धरून ते थांबले, घसा खाकरला, चष्मा पुसला. कात्री नम्रपणे म्हणाला, "अध्यक्ष महाराज, नियम." तिसरा ठोका पडला.

पुढची कलमं वाचली गेली. कुत्र्यांच्या करावर अडसर पडला आणि तीन कुत्रे वाचले.

सभा संपल्यावर बाहेरच्या बोळात बेकरीवाला थोरलीची वाट बघत उभा होता. ती काही बोलायच्या आत तो म्हणाला, "शब्द दिला होतात. दिवसघर बंद झालं की माझ्या बापाला तुमच्या दारात आणून सोडतो. बसवा तुमच्या त्या न झालेल्या छपराखाली." मग थुंकला आणि निघून गेला. तो थुंकला तिच्या पायापासून हातभरावर, पण थोरलीला ते अंगावर पडल्यासारखं वाटलं.

मागून कात्री आला. पेपरमिंटचा वास आधी आला, मग तो.

"वाईट वाटून घेऊ नका, बाई," तो म्हणाला. "आकडे जुळवायचे म्हणजे कुठेतरी कापावंच लागतं. कलमांचा क्रम मीच लावतो. छप्पर आणि दिवे यंदा ठेवले तेव्हा आमच्याच लोकांनी मला वेड्यात काढलं. मी म्हटलं, ठेवा हो, एक पैसा खर्च होणार नाही." आणि मग, कोट झटकत, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं, "पट्टी वसूल होते की नाही, सांगता येत नाही. फी लोक बुडवतात. पण तुमच्या घरातलं भांडण मात्र बजेटमधली सगळ्यात भरवशाची जमा आहे."

थोरलीचा हात उठला होता. खरंच उठला होता. पण त्याच वेळी जिन्यावरून धाकटी उतरली. तिनेही ते ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या एका घटकेला दोघींना एकच माणूस सारखाच नकोसा झाला होता, आणि थोरलीला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल.

"बघितलंत, तुमच्यामुळे काय झालं ते!" धाकटी म्हणाली.

महिना संपला आणि दिवसघराला कुलूप लागलं. गाडीवाल्याने शेवटच्या दिवशी सगळ्यांना दारापर्यंत हात धरून सोडलं आणि काहीही न बोलता गेला. त्याचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली बाहेर येऊन बघते तो सासूबाई फाटकाजवळच्या बाकावर तयार होऊन बसलेल्या. केस विंचरलेले, मांडीवर पिशवी, पिशवीत रुमाल आणि बटणांचा डबा. हे सगळं त्यांनी स्वतःचं स्वतः केलं होतं. सुनेचं नाव आठवत नव्हतं, पण गाडीची वेळ बरोबर आठवत होती.

दोघे भाऊ केव्हाच कामाला गेले होते. आज दोघेही नेहमीपेक्षा लवकर पळाले होते. धाकटी गाडीच्या किल्ल्या हलवत खाली उतरली. ड्रायव्हिंगचा पहिला विद्यार्थी यायचा होता. तिने बाकाकडे पाहिलं आणि किल्ल्या थांबल्या.

"सांगितलं नाहीत?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"काल तीनदा सांगितलं. राहतंय का त्यांच्या डोक्यात? आज तू सांग."

"मी? मी कशी सांगू? तुम्ही थोरल्या."

"आज कशी बरी थोरली झाले! आणि घरी कोण थांबणार? मला दुकान उघडायचंय."

"माझा माणूस येऊन उभा असेल. तुम्ही आज थांबा, मी उद्या बघते."

"आधी तू थांब. मग उद्याचं मी बघते. तुझा उद्या मला ठाऊक आहे."

"आणि तुमचा शब्द सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

थोरलीला ते वर्मी लागलं. तिने तोंड उघडलं, आणि आवाज चढायला लागला, दोघींचाही. शेजारच्या खिडक्या उघडल्या. दुकान, विद्यार्थी, फळी, छप्पर, दिवे, सगळं पुन्हा एकदा बाहेर आलं. आणि मधेच थोरलीच्या पदराला कोणीतरी ओढलं.

सासूबाई दोघींकडे वर मान करून बघत होत्या. घाबरलेल्या नव्हत्या. उलट चेहऱ्यावर ते हसू होतं, दिवसघरातलं, जे घरी कधी दिसत नसे. अनोळखी बायकांशी बोलताना माणूस जसं सौम्य बोलतं तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही पण गाडीलाच थांबलात का हो? बसा ना."

त्या बाकावर मधोमध सरकल्या आणि दोन्ही बाजूंना त्यांनी हाताने जागा साफ केली. मग इकडे तिकडे बघून, गुपित सांगावं तसा आवाज खाली आणला.

"आणि भांडू नका गं बायांनो. गाडीवाला भांडणाऱ्यांना घेत नाही. इथेच टाकून जातो."

थोरली एका बाजूला बसली. काही वेळाने धाकटीही दुसऱ्या बाजूला बसली. सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला, दोघींच्या हातांत थोडी थोडी बटणं दिली आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.